शुगर सांभाळून सांभाळून थकलेय, आता परत सुरुवात कुठून करू?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी विचारलीय, डायबेटिस सांभाळून जीव थकलाय, हळूहळू सगळं सुटत गेलंय, आता परत रुळावर कसं यायचं. मी दादरला एका क्लिनिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर आहे, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं घरात, ऑफिसात, लोकलच्या गर्दीत कसं पार पाडायचं ते पेशंटसोबत बसून ठरवायचं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा थकवा मी फार जवळून बघते. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठं दिलंय कारण त्यात बऱ्याच जणांचं आलंय. औषधाचे डोस मात्र मी इथे सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टरच सांगतील.

प्रश्न: ताई नमस्कार. मी ४७ वर्षांची, राहायला भांडुपला, नोकरी फोर्टला. टाइप टू डायबेटिस, ११ वर्षं झाली. सुरुवातीला मी इतकी शिस्तीत होते की ऑफिसमधले लोक मला विचारायचे काय खाऊ काय नको. आता सकाळच्या गोळ्या कधी घेते कधी नाही, रात्रीचं लाँग-ॲक्टिंग, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन मार्चपासून जवळजवळ बंदच आहे, ग्लुकोमीटर कपाटात कुठेतरी आहे आणि स्ट्रिप्सची तारीखही उलटून गेली असेल. शेवटचा एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ९.८ आला, तो रिपोर्ट घरी दाखवलाच नाही, पर्समध्ये घडी करून ठेवलाय. डॉक्टरांकडे परत गेले नाही कारण मागच्या वेळी ते म्हणाले तुम्हालाच स्वतःची काळजी नाही तर मी काय करणार, आणि मी रिक्षात बसून रडले. घरी सासूबाई माझ्या ताटातल्या पोळ्या मोजतात, मिस्टर रोज काहीतरी फॉरवर्ड करतात, कारलं, मेथी, दालचिनी, मुलगा दहावीला आहे. काय करायचं ते मला सगळं माहितीये हो, पण सकाळी उठलं की वाटतं आज नको. दर सोमवारी ठरवते, वॉक, डबा, सॅलड, टेस्टिंग सगळं एकदम, आणि बुधवारपर्यंत संपतं. आता श्रावण, मग गणपती, म्हणजे दिवाळीपर्यंत काही खरं नाही. मी आळशी झालेय का? आणि परत सुरू करायचं तर कुठून?
एक वाचक, भांडुप

उत्तर: ताई, नाही, तुम्ही आळशी नाही. भांडुपहून फोर्टला रोज उभ्याने जाऊन येऊन, दहावीच्या मुलाचं घर चालवून, त्यावर ११ वर्षं प्रत्येक घासाचा हिशोब डोक्यात ठेवलेल्या बाईला आळशी कोण म्हणेल. या आजारात औषध लिहून देणारा महिन्या-दोन महिन्यांत दहा मिनिटं भेटतो, बाकी सगळं पेशंटनेच करायचं असतं, सुट्टी न घेता, आणि इतकं करूनही कधी कधी आकडा वाढलेलाच येतो, कारण झोप झाली नाही, सर्दीताप आला, पाळी पुढेमागे झाली, ऑफिसात टेन्शन होतं, यातल्या कशानेही शुगर वर जाते. केलेल्याचं फळ दिसेनासं झालं की माणूस करायचंच सोडतो, हे माणसाचं साधं वागणं आहे. डॉक्टरी जगात याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात आणि तो फार वाढला की बर्नआउट. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या गाइडलाइन्समध्ये तर डॉक्टरांनी पेशंटला याबद्दल आपणहून विचारावं असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडच्या भरलेल्या ओपीडीत ते विचारायचं राहून जातं आणि पेशंटला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे.

हा थकवा मोजायला २००५ पासून १७ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, तिच्यात थकव्याचे चार भाग केलेत. एक, आजाराचंच मनावरचं ओझं. दोन, डॉक्टरांशी न जमणं. तीन, पथ्य-गोळ्या-टेस्टिंगचा रोजचा रगाडा. चार, घरच्या आणि आजूबाजूच्या माणसांचं वागणं. मला हे फार उपयोगी वाटतं कारण चारही ठिकाणी इलाज वेगळा लागतो. तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं, मला तरी त्यात पथ्याचा कंटाळा कमी आणि डॉक्टरांचं ते वाक्य आणि घरातली नजर हे दोन जास्त दिसले. तुम्ही मात्र दर सोमवारी उपाय करताय तो तिसऱ्याच गोष्टीवर, सॅलड आणि वॉक. मग बुधवारी ते संपणारच ना, जिथे दुखतंय तिथे कुणी हातच लावलेला नाही.

आता पहिलं काम, आणि ते याच आठवड्यात. इन्सुलिनचं पेन काढून जुना डोस आपल्या मनाने आज रात्रीपासून सुरू करू नका. इतके महिने बंद होतं, मधे वजन बदललं असेल, खाणं बदललं असेल, डोस तोच बरोबर आहे की नाही हे डॉक्टरच ठरवतील. फ्रिजमधलं पेन जुनं असेल तर तेही टाका, एकदा वापरायला काढलेलं बहुतेक इन्सुलिन साधारण २८ दिवसच चालतं. तुमच्या सकाळच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर तीसुद्धा बऱ्याच दिवसांनी एकदम पूर्ण डोसने घेतली की पोट बिघडतं, मळमळतं, मग माणूस म्हणतो मला ती सोसतच नाही आणि परत सोडतो, म्हणून तीही जेवणासोबत आणि डॉक्टर म्हणतील तशी हळूहळू वाढवत. आणि यादरम्यान खूप तहान, सारखी लघवी, वजन झपाट्याने उतरणं, उलट्या, गुंगी असं काही झालं किंवा शुगर ३०० च्या वर राहायला लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

दुसरं, डॉक्टरांना खरं सांगा. हे सगळ्यात कठीण आहे हे मला कळतं, पण याचं कारण ऐका. तुम्ही गप्प बसलात आणि ९.८ चा कागद पुढे केलात तर त्यांना वाटणार की बाई औषध घेतायत तरी शुगर ऐकत नाहीये, म्हणजे डोस कमी पडतोय, ते डोस वाढवणार, आणखी एक गोळी लावणार. मग एक दिवस तुम्ही मनापासून ठरवून ते सगळं जसं लिहिलंय तसं घेणार आणि शुगर धाडकन खाली येणार, कदाचित ट्रेनमध्ये, कदाचित रात्री झोपेत. लपवलेला चुकलेला डोस पुढे जाऊन असा अंगावर येतो. आत गेल्यागेल्या, ते कागद बघायच्या आधीच सांगा: "डॉक्टर, मार्चपासून इन्सुलिन जवळपास घेतलंच नाहीये, गोळ्याही अर्ध्याच घेतल्यात, मी थकलेय, मला परत सुरू करायचंय पण सगळं एकदम जमणार नाही, सगळ्यात गरजेचं काय ते एक सांगा." तोंडातून निघणार नसेल तर हेच चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात द्या. आणि हे ऐकूनही ते ओरडले तर डॉक्टर बदला, खरंच सांगते. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत ओपीडी आहे, लाईन असते, पण इतक्या वर्षांच्या आजारासाठी एक सकाळ लाईनमध्ये गेली तर जाऊ दे. तुमची फाइल तुमची आहे, ती घेऊन दुसरीकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि आता जे सांगायला मी हे एवढं मोठं उत्तर लिहितेय ते. हळू परत या. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, शरीरालाच ते हवं असतं. एचबीएवनसी ९.८ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण २३५. इतके दिवस तिथे राहिलेल्या शरीराला ती वरची शुगरच नॉर्मल वाटायला लागते, मग ती १३०-१४० वर आली तरी हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं, आणि माणूस घाबरून बिस्किटांचा पुडा संपवतो. अशा वेळी आधी बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर खरंच लो आहे, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं, चॉकलेट-बिस्किट नको, त्यातल्या तेलातुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पण आकडा ११०-१२० असेल तर थोडा वेळ शांत बसा, ते जातं, काही आठवड्यांत शरीराला नवी सवय होते. दुसरं कारण डोळ्यांचं. अमेरिका आणि कॅनडात टाइप वनच्या, म्हणजे शरीरात स्वतःचं इन्सुलिनच नसलेल्या, १,४४१ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, १९९३ मध्ये त्याचे निकाल आले, आणि त्यात दिसलं की शुगर काटेकोर ठेवली की डोळे, किडनी, नसा वाचतात, पण ज्यांच्या पडद्यावर आधीच बिघाड होता त्यातल्या काही जणांचे डोळे शुगर भराभर खाली आणल्यावर सुरुवातीला थोडे आणखी बिघडले, फायदा नंतर दिसला. फार घाईने खाली आणली तर नसांना आग-आग होणारं दुखणंही काही जणांना लागतं. म्हणून सुरुवातीलाच डोळ्यात थेंब घालून पडदा तपासून घ्या, त्या दिवशी ऑफिसला हाफ डे टाका कारण काही तास धूसर दिसतं. म्हणजे सोमवारपासून सगळं एकदम हा तुमचा जो नेम आहे तो मनालाही झेपत नाही आणि शरीरालाही नको असतो.

तुम्ही म्हणाल, पण मग एचबीएवनसी सातपर्यंत, जो आकडा बहुतेकांना गाठायला सांगतात, तो कधी पोचणार. फायदा सातच्या दारावर उभा नसतो हो. इंग्लंडमध्ये टाइप टूच्या पेशंटना वर्षानुवर्षं बघून केलेल्या मोठ्या अभ्यासात, २००० साली छापून आलं ते, दिसलं होतं की एचबीएवनसी एक टक्क्याने कमी म्हणजे डोळे-किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासाचा धोका साधारण ३७ टक्क्यांनी कमी. ९.८ वरून ८.८ वर आलात तरी शरीराला केवढा आराम आहे तो बघा. रिपोर्टवर तेव्हाही लाल अक्षरात हाय लिहिलेलं असेल. असू दे.

मग रोजच्या दिवसात करायचं काय, तर एक गोष्ट. माझ्या मते ती इन्सुलिन असावी, कारण तुमच्याकडे ते सगळ्यात मोठं सुटलंय आणि त्याला वेळ एक मिनिट लागतो. रात्री अकराला भांडी आवरून, उद्याच्या डब्याची भाजी चिरून झाल्यावर पेन काढायला अंगात जीव राहत नाही हे मला पेशंट इतक्या वेळा सांगतात, म्हणून डॉक्टरांना विचारा की हे सकाळी घेतलं तर चालेल का, बऱ्याच लाँग-ॲक्टिंग इन्सुलिनना रोज तीच वेळ पाळली तर सकाळही चालते. सकाळच्या पहिल्या चहाचं पातेलं गॅसवर चढलं की पेन. बाकी सॅलड, वॉक, सगळं महिनाभर बाजूला राहू दे, जमलं तर छान, नाही जमलं तर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत.

टेस्टिंगचं म्हणाल तर नवीन स्ट्रिप्स घ्या, तारीख गेलेल्या स्ट्रिप्सवर विश्वास ठेवता येत नाही आणि मुंबईच्या पावसाळी हवेत डबीचं झाकण उघडं राहिलं तरी त्या बिघडतात. इन्सुलिन परत सुरू होताना सुरुवातीचे काही दिवस सकाळची उपाशीपोटीची शुगर बघायला डॉक्टर सांगतील, तेवढी बघा, डोस त्यावरच ठरतो. त्यापलीकडे दिवसभर बोटं टोचत बसू नका. आठवड्यात एखाद्या दिवशी एकच जेवण निवडा, खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एका आठवड्यात पोह्यांचं कळेल, दुसऱ्या आठवड्यात भाकरीचं, मग ऑफिसखालच्या मिसळपावाचं. तुमच्या शरीरात कशाने किती चढते हे कळायला लागलं की आकड्याची भीती कमी होते, तो मग तुमच्या कामाचा होतो. नाचणीची भाकरी चढवतच नाही असं समजणारे कितीतरी लोक मला भेटतात, नाचणीने चढते, किती ते तुमचं मीटर सांगेल.

आता घर. सासूबाईंना आणि मिस्टरांना एका संध्याकाळी बसवून तो पर्समधला रिपोर्ट दाखवा. लपवलेली गोष्ट सांभाळायलाही ताकद लागते, ती वाचवा. सासूबाई पोळ्या मोजतात ती काळजीच असेल, पण त्या मोजण्यामुळेच माणूस स्वयंपाकघरात उभ्याने चोरून खातो. त्यांना एक ठरलेलं काम द्या, तेवढंच त्यांचं: "आई, सकाळी चहा ठेवलात की माझं पेन बाहेर काढून ठेवा, जेवणाबद्दल मात्र काही बोलू नका." मिस्टरांना सांगा फॉरवर्ड बंद, त्याऐवजी रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं माझ्यासोबत खाली चला, बोलायचं असेल तर बोला नाहीतर गप्प चला. जेवणानंतरचं एवढंसं चालणंही शुगरला चांगलं धरून ठेवतं. कारलं भाजी म्हणून खुशाल खा, पण गोळीच्या जागी कारल्याचा रस घेणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी बघितलंय, ते करू नका.

श्रावणाचं म्हणाल तर उपासाच्या दिवशी त्रास उपाशी राहण्याचा जितका तितकाच साबुदाण्याचा, तो जवळजवळ नुसता स्टार्च. उपास सोडवत नसेल तर दही, ताक, दाणे, राजगिरा, वरीचे तांदूळ थोडे, आणि त्या दिवशी गोळ्या-इन्सुलिनचं काय हे आधी डॉक्टरांना विचारून. गणपतीत उकडीचा मोदक खा. ताटात बसून, सगळ्यांसमोर, एक मोदक आणि त्या जेवणात भात कमी. अकरा दिवस सगळं बंद असं ठरवलंत तर तिसऱ्या दिवशी पाच मोदक होतील आणि मग दिवाळीपर्यंतचं सगळं सोडून द्याल. आणि पावसात एक पाळा, तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात की पाय धुवून बोटांच्या मधे कोरडे करा आणि तळवे बघा. साधी चीर असली तरी दाखवा.

शेवटचं एक. दोन आठवडे झाले, बहुतेक सगळे दिवस कशातच मन लागत नाही, टीव्ही नको, माणसं नकोत, झोप उडालीय, रडू येतं, जगणंच नको वाटतं, असं असेल तर हा डायबेटिसच्या थकव्यापेक्षा वेगळा आजार असू शकतो, डिप्रेशन, आणि त्याला वेगळा इलाज आहे. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही हा नंबर लिहून ठेवा.

प्रश्न: माझी मुलगी १७ वर्षांची, टाइप वन, नऊ वर्षांची असल्यापासून. आम्ही गिरगावात राहतो. आता बारावीला आहे, कॉलेजमध्ये दुपारचं इन्सुलिन घेतच नाही असं मला कळलं, आणि मला फोनवर सांगते ते शुगरचे आकडे खोटे असतात, मी मीटरची मेमरी उघडून बघितली तर रिकामी. मी खूप ओरडले. आता ती माझ्याशी बोलतच नाही. आधी तर स्वतःच सगळं करायची.
एक आई, गिरगाव

उत्तर: ताई, टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद पडणं ही काही तासांत गंभीर होणारी गोष्ट आहे, म्हणून आधी तेवढं. शरीरात स्वतःचं इन्सुलिन नसतं, बाहेरचं थांबलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात. पोटात दुखणं, उलट्या, श्वास जोरात आणि खोल, तोंडाला फळासारखा वास, गुंगी, यातलं दिसलं तर थांबायचं नाही, हॉस्पिटल. घरी कीटोनच्या स्ट्रिप्स आणून ठेवा. आणि मुलीसोबत सध्या एकच करार करा: लाँग-ॲक्टिंग कधीच चुकणार नाही, आजारी असली, जेवली नाही, भांडण झालं, तरी. दुपारच्या डोसवर तुम्ही बोलून मार्ग काढाल, यावर नाही.

आता बोलणं. ती खोटे आकडे का सांगते? खरा आकडा ऐकल्यावर फोनवर तुमचा आवाज बदलतो, तो तिला नको असतो. नऊ वर्षांच्या पोरीने शहाण्यासारखं सगळं केलं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तेच कौतुक आता तिच्या गळ्यात अडकलंय, चुकायची सोयच राहिली नाही. तिला सांगा, आकडा ४०० असला तरी मी आधी एवढंच विचारेन की आता काय करूया. आणि तसंच वागा, चेहऱ्यानेसुद्धा. मग विचारा कॉलेजमध्ये काय अडतं. मैत्रिणी बघतात? कॅन्टीनमध्ये जागा नाही? पेन बॅगेत तापतं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघेल. एक अजून, हळूच विचारायचं. इन्सुलिन घेतल्याने वजन वाढतं म्हणून काही मुली मुद्दाम डोस टाळतात. तसं असेल तर घरात समजावून भागत नाही, डॉक्टर आणि कौन्सेलर दोघंही लागतात, आणि लवकर.

काही दिवस तिच्या हातातलं थोडं काम तुम्ही घ्या. रात्रीचं इन्सुलिन तुम्ही टोचून द्या, लहानपणी देत होता तसं, तिला हवं असेल तर. इतकी वर्षं एकटीने केलंय तिने, थोडे दिवस विसावू दे. आणि तिच्या वयाची टाइप वन असलेली दुसरी मुलं तिला भेटली पाहिजेत, तुमच्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याच ठिकाणी अशी मुलं एकत्र जमतात. आईने शंभर वेळा सांगितलेलं आणि त्याच वयाच्या पोरीने एकदा सांगितलेलं, यात फार फरक पडतो.

प्रश्न: वडील ७६ वर्षांचे, मुलुंडला एकटे राहतात, मागच्या वर्षी आई गेली. २२ वर्षं डायबेटिस. आता म्हणतात पुरे झालं, गोळ्या डब्यात तशाच पडलेल्या असतात. मी पुण्याहून रोज फोन करतो, रोज भांडण होतं. काय करू?
एक मुलगा

उत्तर: दादा, आधी एक बघा, गोळ्या किती आहेत. २२ वर्षांत त्या एकावर एक चढत जातात आणि काढून टाकायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. सत्तरीनंतर, बाकीचेही आजार असतील तर, शुगर तरुणासारखी काटेकोर ठेवायची गरज नसते, अशा वयस्कर माणसाला एचबीएवनसी ८ च्या आत असला तरी बऱ्याच वेळा पुरतं. उलट एकट्या राहणाऱ्या माणसाची शुगर लो होणं, रात्री बाथरूमला जाताना पडणं, हे जास्त भीतीचं. ग्लिमेपिराइडसारखी, जेवण चुकलं तरी शुगर खाली ओढणारी गोळी घेऊन जेवायचा कंटाळा केला की नेमकं हेच होतं. म्हणून एकदा स्वतः या, बाबांना घेऊन डॉक्टरांकडे बसा आणि विचारा यातल्या कुठल्या कमी करता येतील, दिवसातून एकाच वेळेला बसवता येतील का. बाबा पुरे झालं म्हणतायत त्यातलं अर्धं तरी बरोबर असू शकतं, ते त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

आणि आईबद्दल बोला. बहुधा गोळ्यांची आठवण त्याच करून द्यायच्या, जेवण वेळेवर त्याच वाढायच्या. त्या गोळीच्या वेळेलाच त्यांची आठवण सगळ्यात जास्त येत असेल. फोनवर आधी गोळी घेतली का हे विचारणं काही दिवस थांबवा, जेवलात काय, कट्ट्यावर कोण भेटलं हे विचारा. शेजारी कुणी रात्री एकदा डोकावेल अशी सोय करा. पहिल्या उत्तरात दिलेला टेलि-मानसचा हेल्पलाइन नंबर बाबांसाठीही आहे.

प्रश्न: सिक्युरिटीत आहे, अंधेरीला, एक आठवडा नाइट एक आठवडा डे. फक्त मेटफॉर्मिन चालू आहे. स्ट्रिप्स परवडत नाहीत म्हणून टेस्ट सोडली, मग गोळीपण सुटली.

उत्तर: दादा, नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला रोज बोट टोचायची गरज नसते, या गोळीने एकटीने शुगर सहसा लो होत नाही. तो खर्च डोक्यातून काढा. तीन महिन्यांनी एकदा एचबीएवनसी, वर्षातून एकदा किडनी, डोळे, पाय. जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात किंवा ‘आपला दवाखाना’ नावाच्या केंद्रात तपासणी आणि गोळ्यांची चौकशी करा, जनऔषधी दुकानात मेटफॉर्मिन खूप स्वस्त मिळते. शिफ्टचं म्हणाल तर गोळी घड्याळाला बांधू नका, जेवणाला बांधा, नाइटला तुमचं मोठं जेवण जेव्हा असेल तेव्हा. दवाखान्यात जाताना दोन्ही आठवड्यांच्या ड्युटीच्या आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहून न्या, डॉक्टर त्यावरच गोळीची वेळ लिहून देतील, आणि गोळ्यांची एक पट्टी डब्याच्या पिशवीतच राहू द्या.